नियमाच्या मौनातून निघालेले बटरफ्लाय

जलतरणाच्या शर्यतींत ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय ही नावे आज इतक्या सहजपणे वेगवेगळी उच्चारली जातात, की त्यांतले दुसरे पहिल्याच्याच पोटी जन्मले, आणि जन्मानंतर सुमारे वीस वर्षे त्याच्याच नावाखाली, त्याच्याच शर्यतींत, त्याच्याच निष्ठावंत अनुयायांना मागे टाकीत वावरले, असे तलावाच्या काठावरील प्रेक्षकाला सांगितले तर त्याचा विश्वास बसणे कठीण. या जन्माला कारण झाले ते एक कलम. किंबहुना त्या कलमाने जे सांगितले ते नव्हे, तर जे सांगायचे राहून गेले ते.

ब्रेस्टस्ट्रोकचे घराणे जुने आणि प्रतिष्ठित. १८७५ च्या ऑगस्टात कॅप्टन मॅथ्यू वेब याने २१ तास ४५ मिनिटे पाण्यात राहून इंग्लिश खाडी पार केली, ती याच पद्धतीने. त्याच्या तीन दशके आधी, १८४४ साली, उत्तर अमेरिकेतील दोघा आदिवासी जलतरणपटूंनी लंडनमध्ये हात पाण्याबाहेरून फिरवीत पोहण्याचे प्रात्यक्षिक केले होते. परंतु तेथील सभ्य मंडळींच्या नजरेत त्यातला वेग भरला नाही, भरली ती पाण्याची अशोभनीय उधळण! शिष्टसंमत पोहणे म्हणजे पाणी न उडवता, धीरगंभीरपणे केलेले ब्रेस्टस्ट्रोक, हा दंडक त्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिला.

या दंडकाची किंमत मात्र मोठी होती. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असते, आणि त्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हात मागे ओढून झाल्यावर ते परत पुढे न्यायचे तेही पाण्यातूनच, आणि लाथ मारण्यापूर्वी टाचा नितंबांकडे आणायच्या त्याही पाण्यातूनच. त्या क्षणी मांड्या प्रवाहाला आडव्या येतात, आणि कमावलेल्या वेगाचा बहुतांश भाग पाहता पाहता खर्ची पडतो. म्हणजे प्रत्येक आवर्तनात शरीराला जवळजवळ नव्याने गती द्यावी लागते. चारही प्रकारांत ब्रेस्टस्ट्रोक सर्वांत मंद का, याचे उत्तर स्नायूंच्या दौर्बल्यात नसून या वारंवार होणाऱ्या दिवाळखोरीत आहे.

तेव्हा ज्याला वेग हवा होता, त्याने नियम बारकाईने वाचावयास घेतला यात नवल नाही. शरीर छातीवर असावे, दोन्ही हात एकाच वेळी पुढे जावेत, एवढे त्यात होते. परंतु ते पाण्याखालूनच जावेत अशी अट त्या मसुद्यात कोणाला सुचलेलीच नव्हती. जर्मनीच्या एरिख राडेमाखर याने १९२० च्या दशकात या मौनाचा फायदा घेऊन, वळण घेताना व शर्यत संपविताना, हात पाण्याबाहेरून फेकावयास आरंभ केला. १९३३ च्या डिसेंबरात ब्रुकलिनमध्ये हेन्री मायर्स याने हा फेकीचा हात शर्यतीत अधिक विस्ताराने वापरून दाखविला. पंचांपुढे पेच पडला. पण कलमात मज्जाव नसल्यामुळे त्यांना तो मान्य करावा लागला.

याच सुमारास आयोवा विद्यापीठात डेव्हिड आर्मब्रस्टर या प्रशिक्षकाने या पद्धतीला तिचे खरे पाय मिळवून दिले, आणि माझ्या मते या कुळकथेतील सर्वांत मोठे श्रेय त्याचेच आहे. जॅक सीग हा त्याचा शिष्य दोन्ही पाय जुळवून माशाच्या शेपटीसारखे हलवीत पोहू शकत असे. आर्मब्रस्टरने ही शेपटी त्या हातांना जोडली, आणि १९३५ मध्ये सीगने १०० यार्डांचे अंतर १ मिनिट ०.२ सेकंदांत कापले. या जोडणीतील मर्म पाहण्यासारखे आहे. प्रत्येक आवर्तनात पायांचे दोन फटके बसतात: पहिला हात पाण्यात शिरताना, दुसरा हातांचा रेटा पूर्ण होत असताना. छातीपाशी उठलेली लाट कमरेतून पावलांपर्यंत उतरत जाते, आणि दुसऱ्या फटक्याच्या आधाराने खांदे पाण्याबाहेर येऊन हातांना मोकळी वाट मिळते. गुडघे पोटाखाली ओढून वेग गमावण्याचा प्रसंग यात उद्भवतच नाही.

परंतु पायांच्या बाबतीत कलम मुके नव्हते. उभ्या दिशेने पाय हलविण्यास त्यात मनाई होती. त्यामुळे हात नवे आणि पाय जुने, अशा विजोड अवस्थेत बटरफ्लायला आपले बालपण काढावे लागले. तरीही १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे सुवर्णपदक अमेरिकेच्या जो व्हर्डरने, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेव्हिसने मिळविले, ते बटरफ्लायच्याच हातांनी. घरचा मूळ मालक आपल्याच वाड्यात आश्रितासारखा राहू लागल्यावर वाटणीपत्र करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने दोन्ही प्रकार विभक्त केले, बटरफ्लायला डॉल्फिनच्या फटक्याची, म्हणजे सीगच्या त्या शेपटीसारख्या जुळलेल्या पायांची, मुभा दिली, आणि १९५६ साली मेलबर्न येथे विल्यम यॉर्झिक व शेली मान यांनी त्यातील पहिली ऑलिंपिक सुवर्णपदके पटकाविली.

वाटणीनंतर ब्रेस्टस्ट्रोकचे जीवन शांततेत जाईल अशी अपेक्षा असेल तर ती फोल ठरली. पृष्ठभागावर पोहणाऱ्याची बरीच शक्ती लाटा उठविण्यात जाते. ती वाचविण्यासाठी जपानच्या मासारू फुरुकावाने मेलबर्नच्याच तलावात शर्यतीचा मोठा भाग पाण्याखालून पार करून सुवर्णपदक जिंकले, आणि महासंघाला पुन्हा लेखणी उचलावी लागली. सुरुवातीचा व वळणानंतरचा एक हात वगळता बाकी सर्व पोहणे पृष्ठभागावर, असा हुकूम निघाला. १९८७ मध्ये प्रत्येक हाताला डोके पाण्याखाली नेण्याची सवलत मिळाली, आणि हंगेरीच्या योझेफ नॉज याच्या शिकवणीत तयार झालेल्या माइक बॅरोमनने लाटेसारखे उसळणारे ब्रेस्टस्ट्रोक पोहून १९९२ चे २०० मीटरचे सुवर्णपदक मिळविले. शरीराची ती लहर कोणाच्या घरातून परत आली, हे वेगळे सांगावयास नको.

एवढ्यावरही भाऊबंदकी मिटली नाही. २००४ मध्ये अथेन्स येथे जपानच्या कोसुके किताजिमा याने पाण्याखालील पहिल्या हाताच्या वेळी डॉल्फिनचा बेकायदा फटका मारला, अशी प्रतिपक्षाने तक्रार केली. पुढच्याच वर्षी महासंघाने अशा एका फटक्यास रीतसर परवानगी देऊन तो वाद निकालात काढला. एक मंजूर होताच जादा फटक्यांचा प्रश्न उभा राहिला. २०१२ साली लंडनमध्ये १०० मीटरचे सुवर्णपदक जिंकल्यानंतर दक्षिण आफ्रिकेच्या कॅमेरॉन व्हॅन डेर बर्गने आपण जादा फटके मारल्याचे उघडपणे कबूल केले, आणि सगळेच ते मारतात, न मारणारा मागे पडतो, असे सांगितले. पदक त्याच्याकडेच राहिले. पंच काठावरून पाहत होते, आणि पाण्याखालच्या कॅमेऱ्यातील चित्रे निकालासाठी पुरावा म्हणून ग्राह्य नव्हती.