चोवीस जणांनी पाहिलेले हसू

छायाचित्रकार ‘हसा’ म्हणतो आणि आपण ओठ ताणतो. फोटो हाती आला की घरातले लहान मूलसुद्धा सांगते, की हे हसू काही खरे नाही. हा निवाडा आपण क्षणात करतो. पण तो कशावरून केला, हे मात्र सहसा सांगता येत नाही. या प्रश्नाला प्रयोगाने हात घालण्याचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे.

गियोम द्युशेन (१८०६-१८७५) हे फ्रान्समधले डॉक्टर. चेहऱ्यावरचा प्रत्येक स्नायू सुटा काय काम करतो, हे त्यांना पाहायचे होते. त्यांना एक वृद्ध, दात पडलेला माणूस भेटला. त्याच्या चेहऱ्याची संवेदना गेली होती, त्यामुळे विजेचा झटका त्याला दुखत नसे. त्वचेवर विजेची टोके टेकवायची, स्नायू आखडला की छायाचित्र घ्यायचे, अशी ही पद्धत. ही छायाचित्रे १८६२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

हसण्यात द्युशेन यांना दोन स्नायू महत्त्वाचे वाटले. एक गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जातो आणि कोपरा वर खेचतो. दुसरा डोळ्याभोवती कड्यासारखा असतो. तो आखडला की गाल वर येतो, खालची पापणी किंचित उचलली जाते. पहिला आपल्या हुकमात असतो, दुसरा मात्र मनापासून आनंद झाल्याखेरीज हलत नाही, असे त्यांचे मत होते. विजेने फक्त पहिला स्नायू आखडवला, की तोंड हसे, पण चेहरा हसत नसे.

पण हे ठरवणार कोण? चित्र काढणारे द्युशेन, आणि त्यात कोणती भावना आहे हे सांगणारेही द्युशेनच! इथे चार्ल्स डार्विन यांनी एक साधी, पण मोलाची गोष्ट केली. ही छायाचित्रे मजकुरासह पाहताना त्यांना जवळजवळ सगळीच पटली होती. मग त्यांच्या लक्षात आले, की मजकूर वाचला नसता तर आपणही अनेक ठिकाणी गोंधळलो असतो. म्हणून त्यांनी काहीही न सांगता ती छायाचित्रे इतरांना दाखवली.

त्या वृद्धाचे नैसर्गिक हसू सर्वांनी लगेच ओळखले. विजेने आणलेले हसू त्यांनी २४ जणांना दाखवले. त्यांपैकी तिघांना हा भाव कसला, हेच कळेना. उरलेल्या २१ जणांना हा हसण्याचाच प्रकार वाटला. पण कुणाला त्यात दुष्ट थट्टा दिसली, तर कुणाला हसण्याची नुसती खटपट. डार्विन यांनी हे निष्कर्ष १८७२ च्या आपल्या भावभावनांवरील ग्रंथात नोंदवले.

हीच रीत पुढे सुंदर हसू कोणते, या प्रश्नासाठीही उपयोगी पडली. १९९९ मध्ये अमेरिकेत कोकिच आणि सहकाऱ्यांनी हसऱ्या तोंडांच्या छायाचित्रांत मोजूनमापून फरक केले आणि दात सरळ करणारे तज्ज्ञ, सामान्य दंतवैद्य आणि सर्वसाधारण माणसे अशा तिघांकडून त्यांची पारख करून घेतली. वरच्या दातांची मध्यरेषा ४ मिलिमीटर सरकली, तेव्हा तज्ज्ञांना ते हसू कमी सुंदर वाटले. बाकीच्या दोन गटांना मात्र तेवढा फरकही जाणवला नाही! ज्या दोषापायी एखादी मुलगी तोंडावर हात ठेवून हसते, तो समोरच्याला कदाचित दिसतही नसेल.

मग डोळ्यांच्या स्नायूचे काय? डोळ्यांसह हसण्याला पॉल एकमन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ‘द्युशेन हास्य’ असे नाव दिले आणि ही कसोटी लोकप्रिय झाली. पण २००९ मध्ये क्रुमहुबर आणि मॅन्स्टेड यांनी दाखवले, की असे हसू अनेकांना मुद्दामही आणता येते. म्हणजे डोळ्यांकडे पाहून खरेखोटे ठरवण्याचा नियम वाटतो तितका पक्का नाही.

हा प्रयोग वर्गातही करता येईल. वर्तमानपत्रांतले हसरे चेहरे कापून घ्यावेत, बातमी व मथळा काढून टाकावा. प्रत्येकाने आपले मत आधी कागदावर लिहावे, मगच चर्चा करावी. नंतर तोंड झाकून फक्त डोळे दाखवावेत, मग डोळे झाकून फक्त तोंड. मते कुठे बदलतात, ते मुलांनाच मोजू द्यावे.

आणि आपण शिक्षकांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. रागावल्यावर एखादे मूल ओठ ताणून हसते. त्याला ‘उद्धट’ म्हणण्याआधी ते हसू आपण पाहिले, की त्याच्याविषयी आधीच मनात लिहून ठेवलेला मथळा वाचला, हे तपासायला हवे. डार्विनसारख्या निरीक्षकालाही मथळा झाकावा लागला होता.