जुन्या परवानगीवर नवी जाळी

शिंकलं, हसलं, जिना उतरला की थोडी लघवी होते. बाळंतपणानंतर कित्येक बायकांना हा त्रास असतो आणि आपल्याकडे तो "वय झालं" म्हणून गप्प सोसला जातो. त्यावरच्या उपचारांचा इतिहास मात्र आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल असा आहे.

१९४८ साली अमेरिकेतल्या डॉ. आर्नोल्ड केगल यांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम मांडले. सोबत एक उपकरणही दिलं. स्नायू आवळले की काटा हलणार आणि तो बाईला स्वतःला दिसणार. म्हणजे चक्क फीडबॅक लूप!

पुढे १९९० च्या दशकात स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी मूत्रमार्गाखाली पॉलिप्रोपिलीनच्या जाळीची पट्टी बसवायला सुरुवात केली. छोटं ऑपरेशन, लवकर घरी. बऱ्याच जणींना खरंच फायदा झाला.

गोची झाली परवानग्यांत. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्याप्रमाणे, आपलं उपकरण बाजारातल्या एखाद्या उपकरणासारखंच आहे असं दाखवलं की बहुतेक वेळा नव्या चाचण्या लागत नाहीत. १९९८ साली या पट्टीला परवानगी मिळाली ती 'प्रोटेजेन' नावाच्या पट्टीचा दाखला देऊन. प्रोटेजेन होती पॉलिएस्टरची! १९९९ मध्ये रुग्णांच्या त्रासामुळे प्रोटेजेन बाजारातून परत घेतली गेली, पण नव्या पट्टीची परवानगी तशीच राहिली आणि पुढच्या पट्ट्या तिचा दाखला देत आल्या. बग असलेली लायब्ररी काढली, पण तिच्यावर उभं असलेलं काही पुन्हा तपासलंच नाही, असा हा प्रकार.

२००२ पासून अंग बाहेर येण्यावरही योनीमार्गातून मोठ्या जाळ्या बसू लागल्या. काही जणींची जाळी योनीच्या भिंतीतून बाहेर आली. ओटीपोटात कायमचं दुखणं, बसायला त्रास, शरीरसंबंध अशक्य. जाळीच्या भोकांतून मांस वाढतं, त्यामुळे ती काढणं म्हणजे गिलाव्यात बसलेली जाळी उपसणं. भिंतही सोबत निघते.

२००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सांगितलं की तीन वर्षांत हजारावर तक्रारी आल्यात. २०११ मध्ये मान्य केलं की अंग बाहेर येण्यावरच्या जाळीचे गंभीर त्रास दुर्मिळ नाहीत. त्या जाळ्यांची विक्री थांबली ती एप्रिल २०१९ मध्ये. ब्रिटनने २०१८ मध्ये लघवीच्या पट्ट्यांचा वापरही थांबवला. २०२० च्या कंबरलेज अहवालात कळलं की बायका वर्षानुवर्षं दुखतंय म्हणून सांगत होत्या आणि त्यांना "मनाचे खेळ" म्हणून परत पाठवलं जात होतं. बग रिपोर्ट येत होते, पण कोणी उघडत नव्हतं.

आज ब्रिटनमध्ये अशा त्रासावर पहिला उपचार म्हणजे किमान तीन महिने, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्यायाम. फिरून आपण केगलपाशीच आलो! घरात कुणाला ऑपरेशन सुचवलं असेल तर डॉक्टरांना नक्की विचारा: व्यायाम करून पाहिले का, आणि शरीरात जे बसवणार आहात ते गरज पडल्यास पूर्ण काढता येईल का?