भाडं उतरलं, पायरी नाही

फुलसावंगीतून बाहेर पडायचं तर एसटी. दिव्यांगांना साध्या बसच्या तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. पण आधी ती उंच पायरी चढायची.

१९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२मध्ये जर्मनीला गेले. पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊनच परतले. ती स्पर्धाही म्युनिकऐवजी हायडेलबर्गला भरली होती, कारण म्युनिकचं ऑलिम्पिक ग्राम लगेच राहत्या घरांसाठी द्यायचं होतं. खेळाडू तयार होते, जागा नव्हती.

आपल्याकडे १९९५च्या कायद्यानं बसमध्ये सोय करायला सांगितलं, पण आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. २०१६चा कायदाही जुन्या गाड्यांबाबत म्हणतो, परवडेल तर. हे ‘परवडणं’ ठरवताना घरीच राहिलेल्या माणसाचा हिशेब कोण धरतं?