जलपृष्ठतरंगांचे गणित

जलपृष्ठतरंगांचे गणित : समुद्र, नदी, कालवा किंवा जलाशय यांच्या मोकळ्या पृष्ठभागावर उठणाऱ्या लाटांची व त्या पृष्ठभागाखालील प्रवाहाची गती समीकरणांनी मांडणारी द्रायुयामिकीची शाखा. नळातून वाहणाऱ्या पाण्याची हद्द नळाच्या भिंतींनी अगोदरच मुक्रर केलेली असते; मोकळ्या पाण्याला वरच्या अंगास असा बांध नसल्यामुळे ज्या क्षेत्रात समीकरण सोडवावयाचे ते क्षेत्रच उत्तर हाती येईपर्यंत अज्ञात राहते. या शास्त्राचा बहुतेक इतिहास या एकाच अडचणीतून घडला आहे. आणि त्यातील प्रत्येक प्रतिरूपाची योग्यता, कोणती राशी लहान समजून वगळली आणि ती खरोखर तितकी लहान होती काय, यावरच अखेर ठरत आली आहे.

मूळ मांडणी : पाणी असंकोच्य आहे, त्याची श्यानता नगण्य आहे आणि त्याच्या कणांस स्वतःभोवती भ्रमण नाही, एवढे गृहीत धरले म्हणजे प्रवाहाचा वेग एकाच विभवफलनावरून काढता येतो व ते फलन लाप्लास यांच्या रेषीय समीकरणाचे पालन करते. खरी कठीणता सीमांवरील अटींत असते. पाणी तळ भेदून जात नाही, ही तळाची अट सोपी आहे. परंतु पृष्ठभागावरील कण पृष्ठभागावरच राहतो ही एक, आणि तेथील दाब वातावरणाच्या दाबाइतका असतो ही दुसरी, अशा वरच्या दोन्ही अटी अरेषीय असून त्या ज्या पृष्ठावर लागू करावयाच्या त्याचे स्थानही शोधावयाच्या राशींपैकीच एक असते.

रेषीय सिद्धांत : लाटेची उंची तिच्या लांबीच्या व पाण्याच्या खोलीच्या मानाने फार थोडी आहे असे मानून वरील अटी शांत जलपातळीवरच लागू केल्या की प्रश्न सुटतो. उथळ पाण्यातील लांब लाटेचा वेग गुरुत्व त्वरण व खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाइतका असतो, हे लाग्रांझ यांनी १७८१ मध्ये दाखविले. खोल पाण्यातील लाटांच्या प्रश्नावर पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक १८१६ मध्ये कोशी यांस मिळाले, व प्वासाँ यांनीही त्याच सुमारास तो प्रश्न सोडविला. खोल पाण्यात लाट जितकी लांब तितकी ती वेगवान असते, आणि या अपस्करणामुळेच दूरच्या वादळाने उठविलेल्या लाटांपैकी लांब लाटा किनाऱ्यास आधी पोचतात. दहा सेकंद आवर्तकालाची लाट घेतल्यास तिची लांबी सुमारे १५६ मीटर व शिखराचा वेग सेकंदास सुमारे १५.६ मीटर येतो. तिची ऊर्जा मात्र याच्या निम्म्याच वेगाने पुढे सरकते.

एकल तरंग : ऑगस्ट १८३४ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरोनजीकच्या युनियन कालव्यावर, घोड्यांची जोडी ओढीत असलेली एक नाव एकाएकी थांबली असता तिच्या नाळेपाशी साचलेले पाणी गोलसर, गुळगुळीत अशा एकाच उंचवट्याच्या रूपाने पुढे निघून गेले, आणि जॉन स्कॉट रसेल या अभियंत्याने घोड्यावरून त्याचा एकदोन मैल पाठलाग केला. सुमारे तीस फूट लांब व फूट-दीड फूट उंच असा तो उंचवटा ताशी आठनऊ मैलांच्या वेगाने आपला आकार फारसा न मोडता जात होता. पुढे लहान हौदांत प्रयोग करून रसेल यांनी असे ठरविले की, अशा लाटेच्या वेगाचा वर्ग काढताना गुरुत्व त्वरणास नुसत्या खोलीने न गुणता खोली व लाटेची उंची यांच्या बेरजेने गुणावे लागते. कालव्यावरील वेगास हा नियम लावला तर ती बेरीज सुमारे दीड मीटर येते.

हा निष्कर्ष तत्कालीन गणितज्ञांस सहज मान्य झाला नाही. एअरी यांच्या उथळ जलाच्या सिद्धांताप्रमाणे उंच भाग सखल भागाहून जलद जाऊन लाटेची पुढची बाजू अधिकाधिक उभी होत गेली पाहिजे, म्हणजे स्थिर आकाराची लाट असूच नये. त्या हिशेबात चूक नव्हती. पाण्याच्या उभ्या त्वरणामुळे होणारे किंचित अपस्करण त्यात जमेस धरलेले नव्हते, एवढेच. बूसिनेस्क यांनी १८७१ मध्ये व रॅले यांनी १८७६ मध्ये ते धरले. आणि कोर्टेवेग व द व्रीस यांच्या १८९५ च्या समीकरणात, लाट उभी करू पाहणारी अरेषीयता व तिला पसरवू पाहणारे अपस्करण यांचा तोल स्पष्ट मांडला जाऊन रसेल यांच्या निरीक्षणास गणिताची मान्यता मिळाली. झाबुस्की व क्रुस्कल यांनी १९६५ मध्ये याच समीकरणाची संगणकावर उकल केली, तेव्हा असे दोन तरंग एकमेकांतून पार होऊनही आपापला आकार राखतात असे आढळले, व त्यांस सॉलिटॉन हे नाव मिळाले.

उथळ प्रवाह : सेंट व्हेनंट यांनी १८७१ मध्ये मांडलेली समीकरणे अपस्करण सोडून देतात व अरेषीयता राखतात, म्हणून नदीचा पूर, भरतीची भिंत आणि धरणफुटी यांस ती योग्य ठरतात. कोरड्या, घर्षणहीन तळावर धरण क्षणात नाहीसे झाले, तर पाण्याचे टोक उथळ लाटेच्या दुप्पट वेगाने धावते, हे रिटर यांनी १८९२ मध्ये काढले. प्रत्यक्षात तळाचे घर्षण व दरीचा आकार यांमुळे हा वेग बराच घटतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात जो प्रलय झाला, तशा आपत्तीत कोणत्या वस्तीस किती मुदत मिळेल हे सांगणे या गणिताचे अत्यंत निकडीचे कार्य होय. चार किलोमीटर खोल महासागरात त्सुनामीचा वेग ताशी सुमारे ७०० किलोमीटर असतो, तोही लाग्रांझ यांच्याच सूत्राने मिळतो.

प्रतिकृती व संगणन : समीकरणे हाती लागत नाहीत तेथे प्रतिकृतीचा आधार घेतात. फ्रूड यांच्या नियमानुसार शंभरपट लहान प्रतिकृतीत वेग व काळ दोन्ही दहापट कमी होतात, म्हणजे नदीतील एका तासाची घटना तेथे सहा मिनिटांत उरकते. खडकवासल्याच्या, १९१६ मध्ये स्थापन झालेल्या, केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान केंद्रात धरणे व बंदरे यांचा अभ्यास अशा प्रतिकृतींवर होत आला आहे. संगणकासाठी हार्लो व वेल्च यांनी १९६५ मध्ये पृष्ठभागाचा माग खुणेच्या कणांनी ठेवण्याची, तर हर्ट व निकोल्स यांनी १९८१ मध्ये प्रत्येक कोष्ठात पाण्याचा किती अंश आहे याची नोंद ठेवण्याची पद्धत सुचविली. लाट फुटते तेव्हा तिचा माथा पुढे कलंडून एकाच स्थळी पृष्ठभागाच्या अनेक उंची संभवतात, हवा पाण्यात मिसळते, कणांना भ्रमण प्राप्त होते, आणि मूळ मांडणीतील गृहीतांपैकी बहुतेकांचा आधार सुटतो. अशा वेळी या पद्धतीच उपयोगी पडतात, परंतु फेसाळ पाण्यातील ऊर्जेचा ऱ्हास ठरविण्यासाठी त्यांनाही प्रयोगांतून मिळालेल्या गुणकांवर अवलंबून राहावे लागते.