मदत कोणाची, सूट कोणाला

इंग्रजीतल्या 'रिलीफ' या शब्दाचे मराठी करताना आम्ही दर वेळी अडखळतो. उपाशी माणसाला मिळतो तो रिलीफ म्हणजे मदत आणि करदात्याला मिळतो तो रिलीफ म्हणजे सूट. मराठीत शब्द दोन असल्यामुळे घेणारेही दोन आहेत हे चटकन ध्यानात येते. इंग्रजीत दोघे एकाच शब्दात दाटीवाटीने राहतात. अमेरिकेतील घरपट्टीचा गेल्या शतकाचा इतिहास वाचताना आमचे असे मत झाले आहे, की त्यातली बरीच भांडणे या एका शब्दाच्या दोन वारसदारांमधली आहेत.

या वारसदारांचे नाते तसे जुने आहे. १६०१ च्या इंग्लंडमधील गरीब-कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपल्या गोरगरिबांच्या सांभाळाची जबाबदारी टाकली आणि त्याचा खर्च तेथील घरे-जमिनी धारण करणाऱ्यांवर पट्टी बसवून काढावा असे ठरवले. म्हणजे एकाची मदत हाच दुसऱ्याचा कर. वसाहतींबरोबर ही रीत अटलांटिक ओलांडून गेली. १९२९ ची महामंदी कोसळली तेव्हाही निराधारांना पोसणे हे अमेरिकेत प्रामुख्याने गावाचे वा कौंटीचे काम मानले जात होते, आणि स्थानिक संस्थांच्या कर-उत्पन्नात नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा स्थावर-जंगम मालमत्तेवरील कराचा होता.

हा कर आकारण्याची पद्धत समजून घेतल्यावाचून पुढचे काही उलगडणार नाही. बहुतेक ठिकाणी आधी वर्षाचा खर्च ठरतो. त्यातून अन्य मार्गांनी येणारे उत्पन्न वजा होते. उरलेल्या रकमेला गावातल्या एकूण मालमत्तेच्या मूल्यांकनाने भागले की दर निघतो. तो 'मिल'मध्ये सांगतात. एक मिल म्हणजे हजार डॉलर मूल्यांकनामागे एक डॉलर. दर हा असा वजाबाकीनंतर उरणारा आकडा आहे. वॉशिंग्टनहून मदत आली, की वजाबाकीत एक मोठी रक्कम वाढावी आणि दर तेवढा उतरावा, असे गणित सांगते. प्रत्यक्षात ते क्वचितच तसे घडले.

शिकागोचे उदाहरण आम्हांला, अध्यापन हाच व्यवसाय असल्याने, जवळचे वाटते. तेथे १९२८ साली फेरमूल्यांकनाचा आदेश निघाला आणि कराची बिले दोन वर्षे रखडली. बिले निघाली तोवर मंदी आली होती. मालमत्ताधारकांच्या संघटनेने करबंदी पुकारली, हजारो घरमालक तिच्यात सामील झाले, आणि शिक्षकांचे पगार थांबले. महिनोन्महिने त्यांना रोख रकमेऐवजी वचनचिठ्ठ्या मिळत. दुकानदार त्या घेत, पण कमी किमतीत. एप्रिल १९३३ मध्ये हे शिक्षक शहरातल्या बँकांमध्ये घुसले. त्यांनी जाब विचारला त्यांत माजी उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स डॉझ हेही होते. त्यांच्या बँकेला आदल्या वर्षी संघराज्याच्या पुनर्रचना वित्त महामंडळाने नऊ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. शिक्षकांची थकबाकी अखेर १९३४ साली फिटली, तीही त्याच महामंडळाच्या कर्जातून. सूट मागणारा घरमालक आणि पगार मागणारा शिक्षक यांच्यात त्या शहरात तीन वर्षे जो सामना चालला, त्याचा निकाल दोघांपैकी कोणाच्याच हाती नव्हता.

मे १९३३ मध्ये संघीय मदत कायदा झाला. हॅरी हॉपकिन्स यांच्या हाती पन्नास कोटी डॉलर आले. त्यांतील निम्मी रक्कम राज्याने व स्थानिक संस्थांनी खर्चलेल्या दर तीन डॉलरमागे एक या प्रमाणात द्यायची होती. उरलेली गरज पाहून. पहिल्या निम्म्यातली अट ध्यानात घ्यावी: मदत हवी तर आधी खर्च करा, आणि खर्चासाठी कर घ्या.

त्याच सुमारास अनेक राज्यांत मालमत्ता-कराचे दर खरोखरच बांधले गेले. वेस्ट व्हर्जिनिया व मिशिगन यांनी १९३२ साली, तर ओहायोने १९३३ साली राज्यघटनेतच मर्यादा घातल्या. पण दर बांधले ते मतदारांनी. संघराज्याच्या पैशाने गरिबांचा बोजा गावावरून उचलला म्हणून त्या मर्यादा सोसल्या गेल्या, एवढेच फार तर म्हणता येईल. आणि राज्याची तूट कशी भरली? मिशिगनने १९३३ साली तीन टक्के विक्रीकर लावला. तो अन्नधान्यावरही होता. घरमालकाला मिळालेली सूट पावाच्या गिऱ्हाइकाने भरली, असे आम्ही म्हटले तर ते फारसे कडवट ठरू नये.

चाळीस वर्षांनी हा प्रश्न वेगळ्या वेषात परतला. ऑक्टोबर १९७२ मध्ये निक्सन यांनी महसूल-वाटणीच्या कायद्यावर फिलाडेल्फियाच्या इंडिपेंडन्स हॉलमध्ये सही केली. पाच वर्षांत सुमारे तीस अब्ज डॉलर, त्यांतील दोन-तृतीयांश स्थानिक संस्थांना, आणि फारशा अटी नाहीत. घरपट्टीचा भार हलका व्हावा ही अपेक्षा उघड बोलली जात होती. मात्र वाटपाच्या सूत्रात लोकसंख्या व दरडोई उत्पन्न यांच्या जोडीला 'कर-प्रयत्न' हा घटक होता: जे गाव उत्पन्नाच्या मानाने अधिक कर वसूल करी, त्याचा हिस्सा मोठा. कर उतरवणाऱ्या गावाने पुढच्या वाटपात मार खावा अशी ही योजना होती. सूत्र लिहिणाऱ्यांना हे कळत नव्हते असे नाही. कर न घेणाऱ्या गावाला इतरांच्या पैशाने का पोसावे, हाही प्रश्न होताच.

याच काळात अर्थशास्त्रज्ञांना एक कोडे पडले. सिद्धान्त सांगे की गावाला मिळालेले अनुदान आणि गावकऱ्यांच्या खिशात पडलेला तेवढाच पैसा यांत फरक असू नये. पण गावकऱ्यांचे उत्पन्न एक डॉलरने वाढले तर स्थानिक खर्च पाच-दहा सेंटने वाढे; अनुदान एक डॉलरने वाढले तर मात्र कितीतरी अधिक. पैसा जिथे पडला तिथेच चिकटतो. आर्थर ओकन यांनी याला माशा चिकटवण्याच्या कागदाची उपमा दिली आणि 'फ्लायपेपर परिणाम' हे नाव शास्त्रात रूढ झाले. उपमेत पैशाला माशी केले आहे आणि कागद कोणी टांगला हे सांगितलेले नाही, याकडे वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांचे लक्ष जावे.

महसूल-वाटणीतला राज्यांचा हिस्सा १९८० मध्ये आणि स्थानिक संस्थांचा १९८६ मध्ये संपला.

मार्च २०२१ च्या कोविड-मदत कायद्यात राज्ये, स्थानिक संस्था व आदिवासी शासने यांच्यासाठी ३५,००० कोटी डॉलर होते. हा पैसा वापरून राज्यांनी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे करकपात करू नये असे कलम घातले गेले, आणि ओहायोसह अनेक राज्ये त्याविरुद्ध न्यायालयात गेली. 'अप्रत्यक्षपणे' या एका क्रियाविशेषणाचा अर्थ काय यावर बराच खल झाला. स्थानिक संस्थांना हे कलम लागू नव्हते. बुडालेल्या महसुलाच्या नावाखाली त्यांना या पैशातून नेहमीच्या सेवांचा खर्च भागवता येत होता, म्हणजे दर आटोक्यात ठेवण्याची वाट मोकळी होती. अडसर होता तो मुदतीचा: रकमेचा विनियोग २०२४ अखेर ठरवायचा आणि ती २०२६ अखेर खर्चायची. या पैशावर पोलीस व अग्निशामक यांचे पगार भागवून ज्या गावाने दर जैसे थे ठेवला, त्याला मुदत सरल्यावर तीच वजाबाकी त्या रकमेवाचून करायची होती.

न वाढलेला दर दप्तरात वेगळा नोंदला जात नाही. मागच्या वर्षीचाच आकडा पुन्हा लिहिला जातो. म्हणून मदत असते तेव्हा तिने काय केले हे घरमालकाला दिसत नाही, आणि ती संपल्यानंतर येणाऱ्या बिलावर सही असते ती गावच्या कर-अधिकाऱ्याची.