स्वरयंत्र काढण्याची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे आयुष्य

‘स्वरयंत्र काढावे लागेल’ हे ऐकल्यावर बहुतेक रुग्णांचा पहिला प्रश्न असतो, ‘मग मी कायमचा मुका होणार का?’ उत्तर आहे, नाही. मूळ आवाज जातो, पण बोलण्याचे दुसरे मार्ग आहेत.

शस्त्रक्रियेत काय बदलते?

स्वरयंत्राचा कर्करोग पुढच्या टप्प्यात असेल किंवा रेडिएशननंतर परत आला असेल, तर अनेकदा संपूर्ण स्वरयंत्र काढतात. याला टोटल लॅरिंजेक्टॉमी म्हणतात. श्वासनलिकेचे वरचे टोक मानेच्या खालच्या भागात त्वचेला जोडले जाते. या छिद्राला स्टोमा म्हणतात. यापुढे श्वास नाका-तोंडातून नाही, फक्त स्टोमातून घेतला जातो. हा बदल कायमचा असतो. अन्ननलिका वेगळीच राहते, त्यामुळे जेवण तोंडानेच होते.

सुरुवातीचे काही दिवस नाकातील नळीने आहार देतात. टाके भरले की तोंडाने द्रव, मग मऊ पदार्थ सुरू होतात. आधी रेडिएशन झाले असेल तर जखम भरायला जास्त वेळ लागू शकतो. या काळात पाटी किंवा मोबाइलवर लिहून बोला. त्याचा सराव शस्त्रक्रियेआधीच करा.

पुन्हा बोलण्याचे तीन मार्ग

- व्हॉल्व्ह: श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मध्ये छोटा सिलिकॉनचा व्हॉल्व्ह बसवतात. बोटाने स्टोमा बंद केला की हवा घशात जाते आणि आवाज निघतो. व्हॉल्व्ह काही महिन्यांनी बदलावा लागतो. खर्च परवडत नसेल तर बंगळूरचे डॉ. विशाल राव यांनी विकसित केलेल्या ‘ऑम’सारख्या स्वस्त व्हॉल्व्हबद्दल डॉक्टरांना विचारा.
- इलेक्ट्रोलॅरिंक्स: मानेला लावायचे बॅटरीचे यंत्र. आवाज यंत्रासारखा येतो, पण लवकर शिकता येतो.
- अन्ननलिकेतून बोलणे: हवा गिळून ढेकरेसारखी बाहेर सोडत बोलायचे. उपकरण लागत नाही, पण सराव अनेक महिन्यांचा.

घरची काळजी

नाक हवा गाळते, गरम आणि ओलसर करते. ते काम आता होत नाही, म्हणून कफ घट्ट होतो आणि खपली धरते. स्टोमावर ओलसर सुती कापड किंवा डॉक्टरांनी सांगितलेला फिल्टर ठेवा, पाणी पुरेसे प्या आणि स्टोमा रोज स्वच्छ करा. कापसाचे सुटे धागे आत जाऊ देऊ नका.

- आंघोळ करताना पाणी मानेच्या खाली घ्या. पोहणे बंद. कोंडेश्वरचा धबधबा असो की पावसाळ्यात फुगलेली उल्हास नदी, खोल पाण्यापासून लांब राहा. छातीपर्यंतचे पाणीही धोक्याचे आहे.
- होळीचा कोरडा रंग, फटाक्यांचा धूर आणि सिमेंटची धूळ थेट फुप्फुसात जाते. बाहेर पडताना गळ्याभोवती सुती रुमाल बांधा.
- वास कमी येतो. स्वयंपाकाचा गॅस गळला तर कळणार नाही, म्हणून झोपताना रेग्युलेटर बंद करण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणाला द्या. अंबरनाथ-बदलापूर एमआयडीसीजवळ राहत असाल तर रासायनिक वास आल्यावर शेजारी किंवा घरच्यांनी तुम्हाला सावध करावे.
- फुंकर मारून चहा निववता येत नाही आणि श्वास रोखून जड वजन उचलणे कठीण जाते. बद्धकोष्ठ टाळा.
- तंबाखू, मिश्री, बिडी आणि दारू पूर्ण बंद.

कुटुंबीयांसाठी

रुग्णाला ऐकू येते, म्हणून मोठ्याने बोलू नका. त्यांचे वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, थांबा. पाहुणे आले की त्यांना आतल्या खोलीत बसवू नका. नातवंडांना स्टोमा दाखवा आणि साध्या शब्दांत समजावा. मुले लवकर सरावतात. रुग्ण गप्प गप्प राहत असेल, जेवत नसेल, तर ते डॉक्टरांना सांगा. उदासीनता हाही उपचार करण्यासारखा त्रास आहे.

आणीबाणी

श्वास बंद पडल्यास ऑक्सिजन तोंडाला नाही, मानेतील छिद्राला लावायचा असतो. खिशात कार्ड ठेवा: ‘मी मानेतील छिद्रातून श्वास घेतो/घेते. ऑक्सिजन इथेच द्या.’ मराठी आणि हिंदी दोन्हीत लिहा. १०८ ला फोन कोण करणार ते आधीच ठरवा, कारण घरी एकटे असताना रुग्णाला फोनवर सांगणे अवघड जाते. शेजाऱ्यांशी दारावर ठोकण्याची खूण ठरवून ठेवा.

पुढील गोष्टी दिसल्यास लगेच दाखवा:

- व्हॉल्व्ह निघून पडणे (थांबू नका, वाट बुजू शकते आणि तो श्वासनलिकेतही गेलेला असू शकतो)
- पाणी पिताना स्टोमातून पाणी येणे किंवा खोकला
- स्टोमा अरुंद होणे, धाप, रक्त
- गिळताना अडचण किंवा मानेत नवी गाठ

तपासण्यांसाठी प्रवास

पहिली काही वर्षे नियमित तपासणी चुकवू नका. रेडिएशन झाले असेल तर थायरॉईडची रक्ततपासणीही करावी लागते. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाचे उपचार करते. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून जाताना लोकलच्या दिव्यांग डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवास करता येतो. रुग्णालयाचे कागद सोबत ठेवा. गर्दीत रुमाल आवळू नका, कोणाचा हात स्टोमावर येऊ देऊ नका. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

पहिले काही महिने कठीण जातात. तरीही अनेक रुग्ण पुन्हा कामाला लागतात, दुकानात बसतात, घरच्यांशी वाद घालतात. तुमचा नवा आवाज घरच्यांच्या कानांना ओळखीचा व्हायला थोडा वेळ द्या.