शिक्रा : एका नावाची आफ्रिकेतील वाटचाल

सहाराच्या दक्षिणेकडील विरळ वृक्षांच्या माळरानांत आढळणाऱ्या एका लहान शिकारी पक्ष्यास इंग्रजी ग्रंथकार आज ‘शिक्रा’ म्हणतात. जाती आपल्याकडील शिक्र्याचीच; शब्दही आपल्याकडचाच. फारसी ‘शिकार’शी संबद्ध असलेला हा शब्द हिंदुस्थानातील बाजदारांच्या बोलीतून इंग्रजीत गेला. बाजदार मात्र मादीलाच शिक्रा म्हणत. तिच्याहून लहान असलेला नर तो चिपक. इंग्रजीने हा भेद टाकून दिला.

शास्त्रीय नावांचा इतिहास याहून उद्बोधक आहे. १७८८ मध्ये ग्मेलिनने ‘बॅडियस’, म्हणजे तांबूस-तपकिरी, हे विशेषण योजिले. प्रौढ नराची पाठ तर राखाडी असते! (२०२४ मध्ये अ‍ॅक्सिपिटर प्रजातीची विभागणी होऊन हा पक्षी टॅकिस्पायझा या स्त्रीलिंगी नावाच्या प्रजातीत गेला व ‘बॅडियस’चे ‘बॅडिया’ झाले.) १८३८ मध्ये अँड्र्यू स्मिथने दक्षिण आफ्रिकेतील उपजातीस ‘पॉलिझोनॉइडिस’ म्हटले, त्यात अनेक पट्ट्यांचा निर्देश आहे. तेथील जुने इंग्रजी नाव ‘लिट्ल बँडेड गॉसहॉक’ आणि आफ्रिकान्स नाव हीदेखील पट्ट्यांवरूनच पडलेली आहेत.

परंतु पट्टे हे या पक्ष्याचे व्यवच्छेदक लक्षण नव्हेच. गाबर, ओवांबो आणि चिमुकला ‘लिट्ल स्पॅरोहॉक’ यांच्या अंगावरही खालच्या बाजूस आडवे पट्टे असतात. मग नावांत पट्टेच का आले? माझ्या मते याचे कारण संग्रहालयात शोधावे. वाळविलेल्या कातड्यात डोळ्याचा आणि पायांचा मूळ रंग टिकत नाही, पट्टे टिकतात. नाव देणाऱ्यापुढे बहुधा मृत नमुना होता, ओळखणाऱ्यापुढे जिवंत पक्षी असतो.

त्याने शेपटीकडे आधी पाहावे. शिक्र्याचे ढुंगण पाठीसारखेच राखाडी असून शेपटीची मधली पिसे बिनठिपक्यांची असतात. गाबराच्या ढुंगणावर ठळक पांढरा पट्टा असतो व त्याचे पाय लाल असतात, शिक्र्याचे पिवळे. लिट्ल स्पॅरोहॉकच्या शेपटीवर दोन पांढरे ठिपके, तर ओवांबोच्या शेपटीच्या पिसांच्या दांड्यांवर पांढऱ्या रेघा दिसतात. प्रौढ शिक्रा नराचा डोळा गडद लाल असतो, पण गाबराचाही तसाच. केवळ डोळ्यावर विसंबू नये. पिलाचा डोळा पिवळसर, पाठ तपकिरी आणि छाती ठिपकेदार असते. काळ्या रूपातील गाबरास पांढरा पट्टाच नसतो. तेथे पायांचा रंगच पाहावा लागतो.